स्लाइडच्या खालचं भिंग

सूक्ष्मदर्शीच्या स्टेजखाली, स्लाइडला जवळजवळ चिकटून एक भाग बसवलेला असतो. त्याला कंडेन्सर म्हणतात. आत एक-दोन भिंगं, त्यांच्या खाली आयरिस डायफ्रॅम, म्हणजे उघडझाप करणारा पडदा, आणि त्या पडद्याची छोटीशी दांडी. शाळा-कॉलेजांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्येही या दांडीकडे हात जातो तो बहुधा एकाच कारणासाठी. उजेड डोळ्यांवर आला की ती सरकवायची. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की ती दांडी उजेड कमी-जास्त करण्यासाठी नाही. त्यासाठी दिव्याचं बटण आहे. स्लाइडवरचं काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे ती दांडी ठरवते.

कसं ते सांगते. कंडेन्सरमधून प्रकाश शंकूच्या आकारात वर येतो आणि शंकूचं टोक स्लाइडवर टेकतं. शंकू जितका रुंद, तितके जवळजवळचे ठिपके सुटे दिसतात. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडच्या वरच्या भिंगावर, 10, 40, 100 या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा कोरलेला असतो. बहुतेकदा तो 0.25, 0.65 आणि 1.25 असा असतो. हा न्यूमरिकल ॲपर्चर. भिंग किती रुंद शंकू आत घेऊ शकतं याचं माप. कंडेन्सरलाही असंच माप असतं. 1.25 चं ऑब्जेक्टिव्ह, त्याच्या तोडीचा कंडेन्सर, दोन्ही आणि स्लाइड यांच्यामध्ये तेल आणि पडदा उघडा, असं असेल तर हिरव्या प्रकाशात पाव मायक्रॉनहून थोड्या जास्त अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. पडदा आवळून शंकू 0.25 इतका अरुंद केला, की हेच अंतर 0.45 मायक्रॉनपर्यंत जातं. प्रतिमा तेवढीच मोठी, हजार पट. पण बारकावे गेलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, पडदा आवळला की चित्र उलट जास्त ठसठशीत दिसतं! खरं आहे. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर बाजूने तिरपा उजेड पडला की प्रत्येक पोपडा, प्रत्येक उंचवटा उठून दिसतो आणि चहूबाजूंनी दिवे लावले की तीच भिंत सपाट वाटते. तसंच काहीसं इथे होतं. अरुंद शंकूत पेशींच्या कडांवर काळ्या रेघा आणि शेजारी उजळ कडी उमटतात. त्यांतल्या काही वस्तूच्या असतात, काही निव्वळ प्रकाशाच्या.

रुंद शंकूत या रेघा विरतात, याचा नेमका उपयोग जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी केला. जर्मनीतल्या येना शहरात कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शीच्या कारखान्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट ॲबे यांनी 1870 च्या दशकात रुंद शंकूचा कंडेन्सर तयार केला. कॉख तेव्हा जंतूंना रंग देऊन ते ऊतींमध्ये शोधत होते. अडचण अशी की ऊतींच्या स्वतःच्या कडा आणि सावल्या इतक्या दाट, की त्यांत जंतू हरवून जायचे. कॉख यांनी कंडेन्सर पूर्ण उघडा ठेवला. सावल्या विरून गेल्या आणि उरला तो फक्त रंग, म्हणजे जंतूच. 1878 मध्ये त्यांनी जखमांमधल्या जंतूंवर पुस्तक लिहिलं ते या पद्धतीच्या बळावर आणि 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, त्यामागेही रंगाइतकाच या उघड्या कंडेन्सरचा हात होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणूनच आज थुंकीची क्षयासाठी रंगवलेली स्लाइड असो की मलेरियाची, कंडेन्सर वर चढवलेला आणि पडदा जवळजवळ पूर्ण उघडा हवा. पडदा मिटलेला असेल तर तांबड्या पेशींवर सुकताना राहिलेले चमकदार डाग कडीसारखे दिसतात आणि नवख्या तंत्रज्ञाला त्यात मलेरियाचा परजीवी भासू शकतो. रुग्णाचा रिपोर्ट यावर ठरतो, म्हणून मी एवढ्या कळकळीने बोलते आहे. याउलट लघवीतला गाळ, डबक्याच्या पाण्याचा थेंब, कांद्याचा पापुद्रा, असं न रंगवलेलं काही पाहायचं असेल तर पडदा थोडा आवळावाच लागतो. तिथे रंग नाही, कडांवरच भिस्त आहे.

एरवी पडदा किती उघडायचा? आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, काढून नळीत थेट पाहा. तळाशी एक उजळ वर्तुळ दिसेल. पडदा हळूहळू मिटत आणा. वर्तुळाच्या व्यासाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग उजळ राहिला की थांबा आणि आयपीस परत बसवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. दहाच्या भिंगाला जमलेला पडदा चाळीसच्या भिंगाला अपुराच पडतो.

आरशाचा सूक्ष्मदर्शी असेल आणि त्याला कंडेन्सर असेल, तर आरशाची सपाट बाजू वापरा. खोलगट बाजू कंडेन्सर नसलेल्यांसाठी. कंडेन्सर बरोबर उंचीवर आला की खिडकीचे गज स्लाइडवर उमटतात. तेव्हा तो किंचित खाली घ्या, गज पुसट होतील. आरसा थेट उन्हाकडे कधीही धरू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पूर्वी दिव्याची ज्योत अशीच स्लाइडवर उमटायची, फोटोत उजेड डागाळायचा. त्यावर जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कोहलर यांनी 1893 मध्ये उपाय मांडला. तुमच्या सूक्ष्मदर्शीच्या बुडाशी, दिव्यावर दुसरा पडदा असेल तर तो उपाय तुम्हालाही करता येईल. आधी स्लाइड फोकस करा. खालचा पडदा मिटा, कंडेन्सर वर-खाली करून त्या पडद्याची कड रेखीव करा, कंडेन्सरच्या बाजूच्या दोन स्क्रूंनी पडद्यातून दिसणारं उजळ वर्तुळ मधोमध आणा आणि पडदा दृष्टिक्षेत्राच्या कडेपर्यंत उघडा. हाताला सवय झाली की याला मिनिटभरही लागत नाही.

कंडेन्सरच्या वरच्या भिंगावर तेल सुकू देऊ नका, लेन्स पेपरने लगेच टिपा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेल जवळ ठेवा.

आणि शाळेसाठी सूक्ष्मदर्शी घेणाऱ्या मुख्याध्यापकांनो, पैसे देण्यापूर्वी कंडेन्सर स्वतः वर चढवून पाहा. तो तिथेच राहायला हवा, आपोआप खाली घसरता कामा नये. मग आयरिस पूर्ण मिटते आणि पूर्ण उघडते का, तेही तपासा.