अंगणातले तण

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण घराभोवती उगवणाऱ्या तणाविषयी बोलू. पाऊस पडला की चार दिवसांत अंगण हिरवे होते. आपण म्हणतो, "गवत माजले, उपटून टाका." उपटावे, हे खरे. पण काय उपटतो आहोत ते ओळखून उपटावे. त्यात भाजी असते, खत असते, घरगुती औषध असते आणि एखादे विषही असते. चौघांना एकाच टोपलीत भरू नये.

प्रथम दूर्वा घ्या. हिलाच आपण हरळी म्हणतो. गणपतीला 21 दूर्वांची जुडी वाहतो, आणि शेतात हीच हरळी शिरली की कपाळाला हात लावतो. दोन्ही बरोबरच आहे. हिचे कांडे जमिनीला टेकले की तिथे मूळ फुटते. म्हणून पिकात ती शत्रू आणि बांधावर ती मित्र. बांधाची माती पावसाने वाहून जात असेल, तर तिथे हरळीचे तुकडे लावा. मुळ्या माती धरून ठेवतात.

गणपतीच्या पत्रीत आणखी दोन तणे असतात, आघाडा आणि माका. ऋषिपंचमीला बायका आघाड्याच्या काडीने दात घासतात, हे तुम्हांला माहीत आहेच. माका ओल्या जागी, पाटाच्या कडेला उगवतो. फूल लहान, पांढरे. त्याची खूण सोपी आहे. पान बोटांत चुरगाळा. थोड्या वेळाने बोटे काळसर होतात. माक्याचा रस तेलात कढवून केसांना लावण्याची चाल जुनी आहे.

आता भाजी पाहू. घोळ सगळ्यांना ठाऊक आहे. जाडसर पान, लालसर दांडा, पिवळे फूल. डाळ घालून किंवा पीठ पेरून भाजी चांगली होते. पण घोळीसारखीच जमिनीवर पसरणारी दुसरी एक झाडे असतात. त्यांचा दांडा मोडला की पांढरा चीक येतो. घोळीला असा चीक नसतो. चीक दिसला की ती भाजी नव्हे, टाकून द्या. आणखी एक गोष्ट. घोळ आणि आंबुटी यांत जे आंबट द्रव्य असते, त्याने मूतखडा वाढू शकतो. ज्यांना तो विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या भाज्या खाऊ नयेत.

टाकळा तर पहिल्या पावसाची भाजी. कोवळा पाला खुडावा, लसूण-कांदा घालून परतावा. कोकणात भातखाचरात टाकळा गाडून त्याचे खत करतात. फुकटचे खत, फुकटची भाजी! पण आता नीट ऐका, आजची मुख्य गोष्ट हीच आहे.

टाकळ्याचा एक भाऊबंद आहे. त्याला कासविंदा किंवा रानटाकळा म्हणतात. तोही उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला उगवतो. त्यालाही पिवळी फुले आणि शेंगा येतात. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुले एकाएकी आजारी पडत. ओकाऱ्या होत, शुद्ध हरपे, आणि पुष्कळ मुले दगावत. डॉक्टरांनी शोध केला आणि 2007 साली तो छापून आला. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खाल्ले होते, आणि आजाराचे कारण बहुधा तेच होते. शेतातल्या शेंगा सोलून खायची सवय आपल्या पोरांनाही आहे. आहे की नाही?

म्हणून दोघांतला फरक शिकून घ्या. टाकळ्याच्या एका पानाला बहुधा पानांच्या तीन जोड्या असतात आणि प्रत्येक पान टोकाला गोल व रुंद असते. कासविंद्याला चार-पाच जोड्या असतात आणि टोक अणकुचीदार असते. संशय आला तर खुडू नका. घराजवळ, शाळेजवळ, अंगणवाडीजवळ कासविंदा असेल, तर शेंगा धरण्याआधी मुळासकट काढा. आणि मुलांना बजावून सांगा, "विचारल्याशिवाय रानातला दाणा तोंडात घालायचा नाही."

दुसरे वाईट तण म्हणजे गाजर गवत. पान गाजरासारखे, फूल बारीक, पांढरे. हे आपल्या देशातले नव्हे. अमेरिका खंडातून आले आणि 1950 नंतरच्या काळात पुण्याकडे ते प्रथम लोकांच्या नजरेत भरले. आज गावोगाव आहे. याने अंगाला खाज सुटते, कित्येकांना दम लागतो. ते फुलण्यापूर्वी काढावे. उघड्या हाताने धरू नये.

आता औषधाविषयी दोन शब्द. खुरप्याने बोट कापले की आपण एकदांडीचा, म्हणजे दगडी पाल्याचा, रस पिळतो. साधे खरचटले असेल तर ठीक आहे. पण जखम खोल असेल, माती किंवा गंज आत गेला असेल, तर जखम पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. धनुर्वाताला पाला आवरत नाही.

तसेच कावीळ. काविळीवर भुईआवळी देतात. मद्रासच्या डॉक्टरांनी 1988 साली तिचा एका जातीच्या काविळीवर चांगला गुण आल्याचे लिहिले होते. पुढे इतरांनी करून पाहिले, तेव्हा तसा गुण दिसला नाही. शिवाय कावीळ अनेक कारणांनी होते. रक्त तपासल्याखेरीज ती कोणती ते कळत नाही. डोळे पिवळे दिसले की आधी दवाखाना. पाल्यापायी आठवडा घालवाल, तर पुढे हाती काही राहायचे नाही.

उरलेल्या तणाचे खत करा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा घ्या. तणाचा एक थर, शेणकाल्याचा सडा, वर थोडी माती, असे थर द्या. वरचेवर ओलावा ठेवा. बी धरलेले तण त्यात घालू नका, नाहीतर खताबरोबर तेच परत शेतात जाईल. हरळी आणि घोळ उन्हात खडखडीत वाळवूनच घाला. ओली घातली तर ती पुन्हा मूळ धरतात. भाजीसाठी मात्र गटाराकाठचा, रहदारीच्या रस्त्यालगतचा किंवा औषध फवारलेल्या शेतातला पाला आणू नये.

शेवटी तुम्हांला एक काम सांगतो. ही ओळख आजवर आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडी आली. सासुरवाशीण दुसऱ्या मुलखात गेली की नावे बदलतात. माणूस गेले की ओळखही जाते. आता तुम्हांला लिहिता येते. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईबरोबर घराभोवती हिंडा. पाच तणे निवडा. प्रत्येकाचे नाव, खूण, उपयोग आणि धोका, अशा चार ओळी वहीत लिहा. पान दाबून वाळवा आणि शेजारी चिकटवा. पुढच्या आठवड्यात वह्या घेऊन या. एकमेकांच्या वह्या वाचू, चुकले असेल ते दुरुस्त करू. कासविंद्याचे पान मात्र प्रत्येकाच्या वहीत असलेच पाहिजे.