स्वतःशीही थोडं मायेनं

(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



स्वतःविषयी करुणा बाळगणं म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत, आणि 'मीच बिचारा' अशी कीवही नव्हे. चूक कबूल करायची, जमेल तेवढी भरपाई करायची, पण स्वतःला माणसांतून उठवायचं नाही, एवढंच. हे मला एका कादंबरीतून नीट कळलं.

व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' १८६२ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक जाँ वालजाँ बहिणीच्या सात लेकरांसाठी पाव चोरतो. शिक्षा ५ वर्षांची, पण पळून जायच्या प्रयत्नांमुळे ती होते १९ वर्षांची! सुटल्यावर ज्या बिशपच्या घरी आसरा मिळतो, तिथलीच चांदीची भांडी तो लांबवतो. पोलीस धरून आणतात, तर बिशप म्हणतात की ती मीच दिली आहेत. वर चांदीची दोन शमादानंही देतात. वालजाँ बदलतो तो तिथून. कुणीतरी आधी आपल्याला माणूस म्हणावं लागतं, मग आपण स्वतःला तसं म्हणू शकतो.

याच्या उलट इन्स्पेक्टर जाव्हेर. नगराध्यक्षांवर आपण खोटा संशय घेतला असं वाटताच तो स्वतःचीच बडतर्फी मागतो. माफी दुसऱ्याला नाही, स्वतःलाही नाही. पुढे ज्याचा पाठलाग केला, तोच वालजाँ त्याला जीवदान देतो. हा हिशेब काही त्याला जुळवता येत नाही. तो सीन नदीत उडी घेतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या खात्याला फक्त नावे बाजू होती, जमा बाजूच नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली कोझेत लग्न होऊन जाते. माझ्यासारख्या कैद्याची सावली तिच्या संसारावर नको, म्हणून वालजाँ तिच्याकडे जाणं कमी करतो, मग बंद करतो, जेवणही सोडतो. सत्य कळल्यावर मुलगी-जावई धावत येतात, पण तोवर शेवटची रात्र आलेली असते. जगाला माया दिली, स्वतःला द्यायची राहिली.

मंडळी, आपल्यात जाव्हेर फारसे नाहीत. वालजाँ मात्र बरेच आहेत. 'मुलांना त्रास नको' म्हणून दुखणं लपवणारे, 'एकट्यासाठी काय करायचं' म्हणून चहा-बिस्किटावर रात्र काढणारे. तेव्हा दुखत असेल तर सांगा. शेजारची बेल वाजवा. आणि एकट्यासाठी का होईना, कुकर लावा.