कोट शिवायचा तर लेकरू समोर पाहिजे

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या ताया त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आज मी योजना सांगायला उभी नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला उभी आहे. तुमच्यातल्या सहा जणींनी त्या चुकीपायी तीन रात्री जागून काढल्या, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या एका गटाला एका शाळेची ऑर्डर मिळाली. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, शाळेचं बँडपथक संचलनात उतरणार होतं. 24 लेकरं. पोशाख स्कॉटलंड देशातल्या बँडसारखा पाहिजे होता. खाली चौकड्यांचा किल्ट, म्हणजे मागं चुण्या असलेला गुडघ्यापर्यंतचा घागरा. त्यावर बंडी, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट. आणि त्यावर काळा कोट.

किल्टचं कापड शाळेचं. कोट-बंडीचं कापड, अस्तर, बटणं आपली. एका सेटला 1,100 रुपये ठरले, म्हणजे 24 सेटचे 26,400. गटानं 12,000 रुपये अंतर्गत कर्ज काढून कापड आणलं. उरणार होते 14,400, सहा जणींत प्रत्येकी 2,400. मी खुशीत होते. सरांनी फोनवर सांगितलं, "आठ लेकरं सहावीची, आठ सातवीची, आठ आठवीची. गणवेशाची मापं आहेत, तीच धरा." एक फोटो मोबाईलवर आला. मी म्हणलं, हो सर, होऊन जाईल. एमएसडब्ल्यू शिकलेली मुलगी मी, पण शिलाईच्या बाबतीत उंटावरून शेळ्या हाकल्या.

आता चूक कुठं झाली ते बघा. फोटो समोरून काढलेला होता. आम्हाला वाटलं, कोट म्हणजे नेहमीचा कोट, कमरेच्या खाली सीटपर्यंत. तसाच बेतला. लेकरांनी घातला तेव्हा मागच्या चुण्या कोटाखाली दबल्या आणि खालून छत्रीसारख्या फुलल्या. पुढं कमरेला जी कातडी पिशवी लटकवतात ती कोटाखाली झाकून गेली. बंडी आखूड झाली, तिच्या आणि किल्टच्या मधून पांढरा शर्ट दिसायला लागला. आणि ढोल वाजवायला हात उचलला की कोट मुंढ्यात अडकून वर चढायचा.

17 कोटांची उंची कमी करून भागलं. सात कोट मात्र खांद्यात आणि मुंढ्यात तंग होते. उसवून सैल करावं म्हटलं, तर आत दाबच सोडला नव्हता. ते सात नव्यानं कापावे लागले. साडेदहा मीटर कापड, 200 रुपये मीटरनं 2,100, आणि अस्तर-बटणांचे 500. असे 2,600 रुपये गटाच्या खिशातून गेले. 2,400 च्या जागी प्रत्येकीच्या हातात 1,966 पडले. तीन रात्रीच्या मजुरीचा हिशेब तर कुणी लावलाच नाही. पोशाख 15 तारखेला पोचले आणि लेकरं संचलनात चालली, पण मी बघायला गेले नाही. लाज वाटत होती.

त्या वेळी एका काकूंनी मशीनवरून मान वर न करता मला म्हणलं, "पोरी, झबलं बिनबघता शिवतेत. कोट नाही." तेवढंच. रागावल्या नाहीत.

नंतर मी या किल्टची माहिती काढली. आधीच काढायला पाहिजे होती. तिकडं मोठ्या माणसाच्या चांगल्या किल्टला आठ वार कापड लागतं. आपलं लुगडं नऊ वारी, त्यांचा घागरा आठ वारी! आपल्या निऱ्या पुढं, त्यांच्या चुण्या मागं. तो कमरेवर नाही, बेंबीच्या पातळीला बांधतात, आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीपाशी येते. म्हणून त्याच्यावरचा कोट मुद्दाम आखूड बेततात. एक प्रकार तर जेमतेम कमरेपर्यंतच असतो. पॅन्टवरचा कोट किल्टवर चालत नाही, तो यामुळंच. इंग्रज सरकारनं 1746 साली कायदा करून डोंगराळ भागातल्या स्कॉटिश लोकांच्या या पोशाखावर बंदी घातली होती. ती 1782 साली उठली. नंतर इंग्रजांच्या फौजेबरोबर हा बँड आपल्याकडं आला आणि आजही आपल्या लष्करात आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याला किल्टची ऑर्डर पुन्हा कधी येणार? नाही येणार कदाचित. पण नवरदेवाचं जाकीट येईल, बँडवाल्यांचे कोट येतील, शाळेचे गणवेश येतील. तिथंही हेच लागू आहे. म्हणून त्या सहा जणींनी आणि मी बसून जे ठरवलं, ते सांगते.

एक. माणूस समोर असल्याशिवाय माप नाही. इयत्तेवरून नाही, वयावरून नाही, जुन्या यादीवरून नाही. सातवीतली दोन पोरं शेजारी उभी करा, एकाचा खांदा दुसऱ्याच्या कानाला लागतो.

दोन. जे आत घालायचं ते आधी शिवायचं. आधी किल्ट, तो अंगावर चढवून बंडीचं माप, बंडी चढवून कोटाचं माप. किल्टच्या पट्ट्यावर बंडी दोन बोटं तरी आली पाहिजे. नवरदेवाचं जाकीट असेल तर तो जो कुर्ता घालणार आहे, तोच घालून यायला सांगा.

तीन. हे कपडे घालून माणूस काय करणार ते विचारा. ढोल वाजवणार, तर हात वर करून मुंढा आणि बाही बघा. लग्नात बोहल्यावर बसणार, तर बसवून बघा.

चार. आधी एकच नग शिवा. कच्च्या टाक्यावर घालून बघा, पुढून बघा, मागून बघा, ऑर्डर देणाऱ्याला दाखवा, आणि त्याची सही घेतल्यावरच बाकीच्या कापडाला कात्री लावा. सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढून वाळवा. आणि आत दाब सोडा. लेकरं वाढतात, पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतं.

पाच. सगळं लिहून घ्या. नाव, मापं, कापड कुणाचं, अस्तर कसलं, बटणं किती, दर, ट्रायलची तारीख, द्यायची तारीख. माप चुकलं तर खर्च कुणाचा आणि ऑर्डर देणाऱ्यानं मधेच बदल सांगितला तर खर्च कुणाचा, हेही लिहा. कापडापुरता तरी ॲडव्हान्स घ्या. आमच्याकडं तेव्हा कागद नव्हता. सर म्हणाले, मी सांगितलं होतं. मी म्हणलं, नव्हतं सांगितलं. दोघंही खरं बोलत असू, पण ते दाखवायचं कशात?

हे मी इतकं लावून धरतेय त्याला कारण आहे. 2024-25 साली सरकारनं शाळांच्या गणवेशाचं कापड राज्यपातळीवर खरेदी केलं आणि शिलाई माविमच्या मार्फत महिला बचत गटांकडं दिली. गणवेश उशिरा आले, अंगाला बसत नाहीत, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय बदलला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं गेलं. कुणाचं किती चुकलं यात मी जात नाही. पण नाव गटांचं खराब झालं. मापं लांबून ठरली की काय होतं ते मी 24 कोटांत बघितलं, तिथं तर लाखो लेकरं होती.

आता बघा, समिती गावातलीच आहे. तुमच्यातल्याच कित्येक जणी आई म्हणून त्या समितीवर आहेत. शाळा दोन गल्ल्या पलीकडं आणि लेकरं रोज तुमच्या डोळ्यांसमोर. माप घ्यायला तुमच्याइतकं जवळ दुसरं कोण आहे? फक्त समितीसमोर जाताना हातात मापवही आणि एक शिवलेला नमुना पाहिजे. तोंडी भरवशावर आता कुणी काम देणार नाही, आणि आपणही घेऊ नये.

ज्या शिलाईकाम करतात त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेचं बघून घ्या. त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजानं कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, म्हणून घरात बोलून अर्ज करा.

त्या सहा जणींची मी बैठकीत माफी मागितली, इतिवृत्तात तसं लिहूनही घेतलं. त्यांनी एकच अट घातली, की पुढची ऑर्डर येईल तेव्हा माप घ्यायला मी त्यांच्यासोबत शाळेत गेलं पाहिजे. टेप त्या धरणार, वहीत मी लिहिणार.

पुढच्या बैठकीला येताना शिलाई करणाऱ्या प्रत्येक गटानं एक शंभर पानी वही आणि टेप आणावा. मापवहीचे रकाने आपण इथं बसूनच आखू, आणि सुरुवातीला एकमेकींचीच मापं घेऊ.