पावलांचें तारण

सत्कार्यासाठीं द्रव्य मागावयास निघालेल्या मनुष्याविषयीं लोकांच्या मनांत जो पहिला प्रश्न उभा राहतो, तो कार्याचा नसतो; मागणाऱ्याचा असतो. हा कोण, याची कळकळ खरी कशावरून, आणि दिलेला पैसा योग्य जागीं पोहोंचेल हें कशावरून? सावकार कर्ज देतांना घर, शेत किंवा दागिना तारण म्हणून लिहून घेतो. वर्गणी मागणाऱ्याजवळ तारण ठेवण्यासारखें काय असतें? गेल्या कांहीं दशकांत अनेक देशांतील लोकांनीं या प्रश्नाला एक साधें उत्तर शोधून काढलें आहे. मागणारा आपलीं पावलें तारण ठेवतो. अमुक इतकें अंतर डोंगरांतून पायीं चालून जाण्याची तो प्रतिज्ञा करतो, आणि त्या प्रतिज्ञेच्या भरंवशावर स्नेही-सोबती एखाद्या कार्याला पैसा देतात.

या प्रघाताचें एक ठळक उदाहरण हाँगकाँगचें आहे. हाँगकाँग म्हटलें कीं उंच इमारती आणि गजबजलेलें बंदर डोळ्यांपुढें येतें. परंतु त्या चिमुकल्या प्रदेशाचा बराच मोठा भाग डोंगराळ व हिरवागार आहे. १९७९ मध्यें तेथें एक लांब डोंगरवाट लोकांना खुली करण्यांत आली आणि तत्कालीन गव्हर्नर मॅक्लिहोज यांचें नांव तिला देण्यांत आलें. पूर्वेकडील साइ कुंगच्या समुद्रकांठच्या भागांतून निघून पश्चिमेस टुएन मुनपर्यंत जाणारी ही वाट १०० किलोमीटर लांब आहे. तिचे दहा टप्पे पाडलेले असून दर ५०० मीटरांवर क्रमांक घातलेले खुंट आहेत. वाटेंत ७०२ मीटर उंचीच्या मा ऑन शान डोंगराचा खांदा ओलांडावा लागतो, आणि पुढें हाँगकाँगमधील सर्वांत उंच असा ९५७ मीटरांचा ताइ मो शान आडवा येतो.

त्या काळीं हाँगकाँगमध्यें ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणी होत्या. १९८१ मध्यें त्यांच्या संदेशवाहक दळानें या वाटेवर एक लष्करी कवाईत सुरू केली, आणि तिला धर्मकार्यासाठीं निधि जमविण्याची जोड दिली. चौघांनीं बरोबर निघावयाचें, बरोबर चालावयाचें आणि बरोबरच पोहोंचावयाचें, हा तिचा मुख्य नियम. १९८६ मध्यें नागरिकांच्या तुकड्यांनाही प्रवेश मिळाला, आणि दारिद्र्यनिवारणासाठीं १९४२ मध्यें ऑक्सफर्ड येथें स्थापन झालेल्या ऑक्सफॅम संस्थेची हाँगकाँग शाखा या उपक्रमांत सामील झाली. संपूर्ण वाट चालून जाण्यास मुदत ठरली अठ्ठेचाळीस तासांची. १९९७ मध्यें हाँगकाँग चीनकडे गेलें, गुरखे तेथून निघाले. पण त्यांनीं घालून दिलेली रीत मागें राहिली. पुढें ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि खुद्द इंग्लंड या देशांत ती पोहोंचली. २०१० नंतरच्या दशकांत बंगळूर व मुंबई यांच्या परिसरांतही अशा चालण्या झाल्या.

गुरखा शिपायाला हें अंतर कवाईतीचें वाटलें, यांत नवल नाहीं. नेपाळच्या डोंगरांत त्याची निवड होते तीच मुळीं पाठीवर जड डोको आणि कपाळावर त्याचा पट्टा घेऊन चढ चढण्याच्या परीक्षेनें. परंतु पेढींतला कारकून, शाळेंतला शिक्षक किंवा दिवसभर खुर्चींत बसणारा वकील अशा वाटेवर उतरतो, तेव्हां गोष्ट निराळी होते. शंभर किलोमीटर म्हणजे केवळ दहा किलोमीटरांची दहापट नव्हे. बुटाचें जें टोंचणें दहा किलोमीटरांत विसरतां येतें, तेंच साठाव्या किलोमीटरावर मनुष्याला खालीं बसवितें. म्हणून प्रतिज्ञा करणें हें एका दिवसाचें काम असलें, तरी ती पाळण्याची तयारी चार-सहा महिन्यांची असते.

या तयारींतील पहिलें पथ्य म्हणजे धीर. हृदय व फुफ्फुसें कांहीं आठवड्यांत नव्या श्रमाला सरावतात. स्नायूंना हाडाशीं बांधणारे दोर आणि खुद्द हाडें यांना मात्र त्याहून अधिक काळ लागतो. उत्साहाच्या भरांत पहिल्याच महिन्यांत लांब मजल मारणारा मनुष्य बहुधा दुसऱ्या महिन्यांत गुडघा धरून घरीं बसलेला आढळतो. अंतर दर आठवड्यास थोडें थोडें वाढवावें, आणि दोन-तीन आठवडे वाढविल्यावर एक आठवडा तें मुद्दाम कमी करावें. चालणें शरीराला झिजवितें. तें बळकट होतें विश्रांतींत. अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत तर चालणें बरेंच उतरवावें लागतें. नेमकी हीच गोष्ट उत्साही माणसाला सर्वांत अवघड जाते.

दुसरें पथ्य उताराचें. चढ दमवितो, पण मोडतो तो उतार. उतरतांना मांडीचा स्नायु ताणला जात असतांनाच त्याला सर्व शरीराचा भार तोलून धरावा लागतो. त्यामुळें त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचा ठणका दुसऱ्या दिवशीं जाणवूं लागतो. हीच इजा थोड्या थोड्या प्रमाणांत पूर्वीं सोसलेला स्नायु पुढें तितक्याच उतारानें तसा दुखत नाहीं. शहरांत राहणाऱ्याला यासाठीं डोंगरच हवा असें नाहीं. इमारतीचा जिना पुरतो. पुण्याच्या मनुष्यास पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. मात्र चढून गेल्यावर काम संपलें असें न समजतां उतरण्याकडेही तितकेंच लक्ष द्यावें.

तिसरें पथ्य पायांचें. पायाला फोड येतो तो उष्णता, ओल आणि घर्षण या तिघांच्या संगनमतानें. घामानें मऊ झालेली कातडी एका बाजूस ओढली जाते, आंतलें हाड दुसऱ्या बाजूस सरकतें, आणि मधले थर सुटून तेथें पाणी भरतें. दीर्घ चालण्यानें पाऊल सुजतें. तेव्हां बूट किंचित् सैल हवा, परंतु टांच आंत सरकेल इतका नव्हे. चालण्याच्या दिवशीं नवा बूट घालणें हा तर शुद्ध अविचार होय. कोरडे मोजे जवळ बाळगावे. आणि पाय चुरचुरूं लागतांच, सोबत्यांचा खोळंबा होईल अशी भीड न धरतां, थांबून तेथें पट्टी लावावी. पांच मिनिटांचा हा खोळंबा पुढचे पांच तास वांचवितो.

पाण्याविषयींचा एक गैरसमज येथेंच दूर केला पाहिजे. तहान नसतांनाही सारखें पाणी पीत राहावें, असा उपदेश पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु तासन् तास घाम गाळणाऱ्यानें नुसतें पाणी अतोनात प्यालें, तर रक्तांतील क्षाराचें प्रमाण घटतें. मळमळ, भ्रम आणि क्वचित् प्राणावर बेतणारें संकटही ओढवतें. तहानेप्रमाणें पाणी आणि त्याच्या जोडीला मीठ असलेलें खाणें, हा अधिक सुरक्षित मार्ग होय. जें अन्न त्या दिवशीं खावयाचें, तेंच तयारीच्या दिवसांत खाऊन पाहावें. एक संपूर्ण रात्रही आधीं चालून काढावी. कारण पहांटे तीनच्या सुमारास थकलेल्या माणसाचें मन जें बोलूं लागतें, त्याचा अनुभव पूर्वीं घेतलेला बरा.

चौघांच्या नियमाचा खरा अर्थ याच वेळीं कळतो. सर्वांत बलवान् गडी पुढें राहिला, तर मागचा धापा टाकीत त्याला गांठतो. पुढचा तोंवर विसांवलेला असतो आणि मागचा पोहोंचतांच उठून चालूं लागतो. ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळत नाहीं. म्हणून जाणत्या तुकड्या सर्वांत मंद चालणाऱ्याला पुढें ठेवतात. त्याची गति ती चौघांची गति. अशा रीतीनें चाललेल्या चौघांत कमजोर कोण हें शेवटीं सांगणेंही कठीण होतें, कारण रात्रभरांत तो मान बहुधा प्रत्येकाकडे एकेकदां येऊन गेलेला असतो.

आतां द्रव्याकडे वळावें. पैसा गोळा करण्याचे नियम पाय तयार करण्याच्या नियमांसारखेच आहेत. येथेंही एका दिवसांत मोठी मजल मारतां येत नाहीं. पहिली रक्कम मागणाऱ्यानें स्वतःची घालावी. प्रवास, बूट, खाणें यांचा खर्च चालणाऱ्यानें आपल्या पदरचा करावा, म्हणजे दिलेला प्रत्येक रुपया कार्याला गेला असें त्याला छातीठोकपणें सांगतां येतें. मग आप्तस्वकीय, मग कचेरींतील मंडळी, मग शेजारी अशी यादी करावी, आणि प्रत्येकाला निराळें, नांवानिशीं विचारावें. सर्वांना मिळून केलेली विनंति कोणालाच केलेली नसते. पैसा कोठें जाणार हें दोन वाक्यांत सांगतां यावें. पावती न चुकतां द्यावी. आणि नकार देणाऱ्याशीं संबंध पूर्वीसारखेच ठेवावे.

थोड्याथोड्यांतून निधि उभारण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा, एवढीच तिची मागणी होती. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशांतून १९०८ मध्यें तळेगांव येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. दात्याचा पैसा लहान असला कीं मागणाऱ्याचे कष्ट मोठे होतात. आणि त्या कष्टांनींच लोकांचा विश्वास बसतो.

असाच हिशेब कॅनडांतील टेरी फॉक्स या तरुणानें मांडला. हाडाच्या कर्करोगामुळें १९७७ मध्यें, अवघ्या अठराव्या वर्षीं, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठीं प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळवावा, आणि त्यासाठीं कृत्रिम पायावर धांवत संपूर्ण देश ओलांडावा, असा त्यानें संकल्प केला. पंधरा महिने त्यानें तयारी केली. त्या अवधींत १९७९ मध्यें प्रिन्स जॉर्ज येथील शर्यतींत तो सर्वांच्या मागून, शेवटचा पोहोंचला; तरी ती शर्यत पुरी केल्यामुळेंच त्याचा निश्चय पक्का झाला. १२ एप्रिल १९८० रोजीं अटलांटिकच्या कांठावरून तो निघाला. आरंभीं फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. परंतु पोर्ट ओ बास्क या सुमारें दहा हजार वस्तीच्या गांवानें दहा हजारांहून अधिक डॉलर त्याच्या हवालीं केले, आणि माणशीं एक डॉलर हा हिशेब खरा ठरूं शकतो हें दिसून आलें. त्याच्या धांवण्यावर कोणत्याही व्यापारी कंपनीनें आपली जाहिरात करून नफा मिळवूं नये, याविषयीं तो अखेरपर्यंत कडक राहिला.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवल्यावर, १ सप्टेंबर रोजीं, थंडर बे या गांवाजवळ त्याला थांबावें लागलें. रोग फुफ्फुसांत पसरला होता. प्रतिज्ञेचें अंतर अपुरें राहिलें. तारणाचा नियम कठोरपणें लावला, तर येथें देणाऱ्यांनीं हात आंखडता घ्यावयास हवा होता. घडलें तें उलट. आठवड्याच्या आंत दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमांतून एक कोटीहून अधिक डॉलर जमा झाले. आणि फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधि दोन कोटी एकेचाळीस लाखांवर गेला. कॅनडाची त्या वेळची लोकसंख्या तितकीच होती. २८ जून १९८१ रोजीं, तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर असतांना, टेरी फॉक्स मरण पावला.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, कार्य चांगलें असेल तर पैसा सरळ द्यावा. मध्यें कोणी पाय झिजविण्याची आवश्यकता काय? आक्षेप तर्कशुद्ध आहे, परंतु मनुष्यस्वभाव त्याला जुमानीत नाहीं. ख्रिस्तोफर ऑलिव्होला व एल्डार शाफीर या संशोधकांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, देण्याच्या मार्गांत श्रम किंवा वेदना असतील, तर माणसें सोप्या मार्गापेक्षां अधिक द्यावयास तयार होतात. आणि कार्य मनुष्याच्या दुःखाशीं निगडित असेल, तर ही वृत्ति विशेष दिसते. भुकेल्यासाठीं चालणें लोकांना पटतें. उद्यानासाठीं तितकेंसें पटत नाहीं. दुसऱ्याच्या दुःखापुढें ज्यानें आपली सोय थोडी तरी बाजूला ठेवली, त्याच्या शब्दाला वजन येतें.

मात्र याच कारणानें चालणाऱ्याची जबाबदारीही वाढते. तयारी न करतां निघालेला, विसाव्या किलोमीटरावर फोड आले म्हणून परतलेला मनुष्य आणि सर्व तयारीनिशीं निघून सत्तराव्या किलोमीटरावर शरीरानें साथ सोडल्यामुळें थांबलेला मनुष्य, हे दोघेही अपुरेच राहतात. परंतु दोघांनीं ठेवलेलें तारण सारखें नसतें. दाता वाटेवर हजर नसतो. पहांटे उठून जिने चढलेले-उतरलेले दिवस त्यानें पाहिलेले नसतात. जें त्याला दिसत नाहीं, तेंच त्यानें तारण म्हणून घेतलेलें असतें. म्हणून चालणें संपल्यावर, पाय बरे होण्याची वाटही न पाहतां, चालणाऱ्यानें एक काम उरकावें. जितके किलोमीटर झाले तितके, आणि जितके रुपये जमले तितके, दोन्ही आंकडे जसेच्या तसे लिहून प्रत्येक देणाऱ्याला पाठवावे.