रक्ताची साक्ष



नळीभर रक्तातून अनेक कर्करोगांचा सुगावा लागतो, असे ऐकल्यावर आम्हालाही प्रथम वाटले, करून टाकावी ही तपासणी! कल्पना खरी आहे. गाठीतील पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. त्यांवरील रासायनिक खुणांवरून रोगाचा व अवयवाचा अंदाज बांधतात. पण गाठ लहान असते तेव्हा तुकडेही थोडेच. म्हणजे चाचणीची खरी गरज असते, नेमकी तेव्हाच ती चुकण्याचा संभव अधिक.

शिवाय रोग लवकर सापडला एवढ्याने भागत नाही. मृत्यू टळले काय? हे आपल्या मराठवाड्यात पाहिले गेले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचे गट करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या ताडून पाहिल्या. एका गटात विषाणूची चाचणी फक्त एकदा झाली, दोष आढळला तेथे उपचारही झाले. आठ वर्षांत त्या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आले.

आणि खर्रा खाणाऱ्या आपल्या नागपुरात? तोंडाच्या कर्करोगाला सुईसुद्धा लागत नाही. विजेरी आणि जाणती नजर पुरते. आज घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून पाहा. पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर नंदनवनाहून तुकडोजी कर्करोग रुग्णालय काही लांब नाही.