जू, कासरा आणि विजेची गाडी



पुणे-नगर रस्त्यावरचे सुपा आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे आहे. पारनेर तालुक्यातले हे गाव. एका अंगाला बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, आणि जवळच कवड्या डोंगरावर पवनचक्क्या. 1948 साली 1 जूनला राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान धावली. पुढे 2022 साली त्याच तारखेला एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवर चालणारी पहिली गाडी धावली, तीही पुणे आणि नगर यांच्याच दरम्यान. एकाच वाटेने दोन युगे गेली म्हणा ना!

आता कल्पना करा. सुप्याला अशा विजेच्या गाडीत एक म्हातारे आबा आपल्या नातवाबरोबर बसले आहेत. आबांनी जन्मभर बैलगाडी हाकली. नातू वसाहतीत कामाला आहे. गाडी हलली, पण घरघर नाही, गिअरचा हिसका नाही.

"आरं, ही निघाली कवा?" आबा विचारतात.

"कवाच निघाली, आबा. हिला इंजिन न्हाई. बॅटरीवर मोटर चालती."

"ते ऱ्हाऊ दे. पर जोर कुठल्या चाकाला किती द्यायचा, हे कोण ठरवतं?"

नातू गप्प बसला. मंडळी, प्रश्न मोठा नेमका आहे. विजेच्या गाडीत जोर पुष्कळ असतो. खरी विद्या आहे ती जोराच्या वाटणीत. आणि ही वाटणी समजून घ्यायला आबांच्या गोठ्यातल्या जुवाइतके चांगले साधन दुसरे नाही.

आधी दोन शब्दांचा उलगडा करू. चाकाचा नट घट्ट बसला, की फिटर पान्याच्या दांड्यात लांब पाईप घालतो. हाताचा जोर तोच, पण दांडा दुप्पट झाला म्हणजे फिरवण्याचे बळ दुप्पट होते. या फिरवण्याच्या बळाला टॉर्क म्हणतात. शक्ती ही निराळी गोष्ट. टॉर्क किती आणि तो मिनिटाला किती फेरे देतो, या दोन्हींच्या गुणाकारातून शक्ती मिळते. शिक्षक बंधुभगिनींसाठी हिशेब सांगतो: न्यूटन-मीटरमधला टॉर्क मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि 9,550 ने भागा, किलोवॅट मिळतील. 100 न्यूटन-मीटर आणि 955 फेरे, म्हणजे 10 किलोवॅट. फेरे दुप्पट केले आणि टॉर्क तोच राहिला, तर 20 किलोवॅट. पण फेरेच शून्य असतील, तर टॉर्क कितीही असो, शक्ती शून्य. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे कामाला येणार आहे.

डिझेलच्या इंजिनाला उभ्या जागेवरून जोर देता येत नाही. त्याला आधी फिरत ठेवावे लागते, मग क्लच सोडत सोडत गाडी हलवावी लागते. विजेच्या मोटरचे उलट आहे. ती उभी असतानाच आपला पुरा टॉर्क देऊ शकते; ठरावीक वेगाच्या पुढे मात्र तो उतरू लागतो. पहिल्याच क्षणी एवढा जोर हाती येतो, म्हणून तो कसा सोडायचा हा प्रश्नही पहिल्याच क्षणी उभा राहतो.

आता जुवाकडे वळू. दोन बैल, मध्ये जू, आणि जुवाच्या बरोबर मध्यावर ओढ बांधलेली. दोघांवर भार निम्मा निम्मा. एक बैल दमदार आणि दुसरा कच्चा असला, तर शहाणा शेतकरी काय करतो? बांधणीची जागा दमदार बैलाकडे सरकवतो. ज्याच्या जवळ बांधणी, त्याच्यावर भार जास्त. कच्च्या बैलाला लांब दांडा मिळतो आणि त्याचा भार हलका होतो. तराजूचे आणि तरफेचे गणित तेच. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने ते पिढ्यान् पिढ्या वापरले आहे.

मोटारीच्या मागच्या आसाच्या मध्यभागी जो फुगीर भाग दिसतो, त्यात असेच एक लोखंडी जू असते. मेकॅनिक त्याला डिफरन्शियल म्हणतात. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने 1827 साली त्याचे पेटंट घेतले. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त वाट कापावी लागते, आतल्याला कमी. हे यंत्र दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते आणि तरीही टॉर्क निम्मा निम्मा वाटते. मध्यावर बांधलेले जूच ते!

पण यात एक खोड आहे. एक बैल अंग चोरू लागला, की जू तिरके होते आणि दुसऱ्याचा जोरही फुकट जातो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर जीपचे एक चाक चिखलात गरगर फिरते आणि कोरड्यावरचे दुसरे स्वस्थ उभे राहते, हे आपण पाहिले असेल. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत राहतो आणि गाडी आणखी रुतते. दोष इंजिनाचा नव्हे. निसरड्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो.

मग जूच काढून टाकले तर? प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर दिली तर? ही कल्पनाही जुनीच. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोर्शे नावाच्या तरुण कारागिराची विजेची गाडी मांडली होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांतच मोटरी बसवल्या होत्या. मात्र जू काढले, की बैल मोकळे होतात. त्यांना एका मेळात चालवायचे तर कासरा धरणारा हात क्षणोक्षणी जागा हवा. माणसाच्या हाताला ते जमण्यासारखे नव्हते. आज ते काम कंट्रोलर नावाची पेटी करते. टाटांनी 2025 साली आणलेल्या विजेच्या हॅरियर गाडीच्या एका प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत, आणि मागची अधिक दमाची आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा तिथे नाही. पुढे किती, मागे किती, हे आकडेमोडीने ठरते.

ही पेटी काय मोजते? मुख्यतः तीन गोष्टी. पहिली, ड्रायव्हर पायाने किती मागतो. दुसरी, बॅटरी आणि मोटर किती देऊ शकतात. बॅटरी फार तापली, फार गारठली किंवा रिती होत आली, तर हात आखडता घ्यावा लागतो. तिसरी, जमीन किती घेऊ शकते. या तिघांत जो आकडा सर्वांत लहान, तेवढाच टॉर्क चाकाला द्यायचा. सारी विद्या या एका वाक्यात आली.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. समजा, एका चाकावर 400 किलो भार आहे. कोरड्या डांबरावर ते चाक सुमारे 300 किलोचा रेटा जमिनीला देऊ शकेल. ओल्या रस्त्यावर याच्या निम्म्याच्या आसपास, आणि चिखलात त्याहूनही कमी. मोटर कितीही दांडगी असो, जमीन घेईल तेवढाच जोर कामाचा. बाकीचा चाक घसरवतो. म्हणून पेटी प्रत्येक चाकाचे फेरे सारखे मोजत असते. एखादे चाक भावंडांपेक्षा एकाएकी जोरात फिरू लागले, की ते घसरले असे समजून त्याचा टॉर्क तिथल्या तिथे कमी करते. इंजिनाला हे करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या किती तरी आधी मोटर ऐकते.

आता दुसरा प्रकार, संकरित मोटारींचा. संकरित म्हटले, की आपल्याला गाय किंवा बियाणे आठवते. इथे संकर इंजिन आणि मोटर यांचा. टोयोटा कंपनीने 1997 साली जपानात 'प्रियस' ही मोटार विकायला आणली. तिच्यात इंजिन, जनित्र आणि चाकांकडे जाणारी मोटर यांना जोडणारे दातेरी चक्रांचे एक कडबोळे आहे. मधल्या चक्राला 30 दाते, बाहेरच्या कड्याला 78. बेरीज 108. आता आपण 108 बोटांचे एक जू घेऊ आणि बांधणी एका टोकापासून 30 बोटांवर करू. जवळच्या बैलाकडे 108 पैकी 78 हिस्से, म्हणजे शेकडा 72. लांबच्याकडे शेकडा 28. त्या मोटारीतही नेमके तेच होते. फरक एवढाच, की बैल दोघे मिळून ओढतात, इथे इंजिन एकटे देते आणि दोघे घेतात. इंजिनाचा शेकडा 72 टॉर्क चाकांच्या बाजूला जातो, 28 जनित्राला.

तर मग वाटणी कायमची ठरली का? टॉर्कची ठरली, शक्तीची नाही! शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, हे मघाशी सांगितले. जनित्र थांबवून धरले, तर त्याचे फेरे शून्य. म्हणजे त्याच्या वाट्याची शक्तीही शून्य, आणि इंजिनाची सगळी शक्ती थेट चाकांकडे. जनित्र फिरू दिले, की काही शक्तीची वीज होते. ती मोटरला द्या, नाही तर बॅटरीत साठवा. दाते कोणी बदलत नाही, फक्त जनित्राचा वेग बदलतात. आणि तेवढ्याने इंजिन कमी तेल खाणाऱ्या वेगावर राखता येते. अशा रचनेच्या मोटारी आता आपल्या रस्त्यांवरही दिसतात.

आणखी एक वाटणी आहे, ती थांबण्याची. कवड्या डोंगरावर वारा पाती फिरवतो आणि वीज तयार होते. तसेच पारनेरच्या पठारावरून खाली उतरताना चाक मोटरला फिरवते, मोटर जनित्र बनते, आणि गाडीचा वेग विजेच्या रूपाने बॅटरीत परत जातो. मात्र भरलेल्या कणगीत आणखी धान्य मावत नाही. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर मोटरचा हा ओढा कमी पडतो आणि नेहमीच्या ब्रेकवर भार येतो. वर राहणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. बॅटरी पुरी भरून लगेच उतार धरला, तर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावणार नाही. गांगरू नका; ब्रेकवर पाय ठेवा आणि वेग आधीपासूनच बेताचा राखा.

गावात आता विजेच्या दुचाक्या आणि मालाच्या तिचाक्या येत आहेत. त्यांतल्या पुष्कळ साध्या गाड्यांत चाक घसरल्याची मोजणी नसते. तिथे कासरा धरणारा हात तुमचाच. खडीवर, ओल्या शेणावर, पुलाच्या ओल्या लोखंडी पट्टीवर मूठ हळू पिळा. मोटर पहिल्याच क्षणी पुरा जोर देईल, पण जमीन तो घेईलच असे नाही. माल चाकांवर सारखा पडेल असा भरा. आणि मोटारीत नारिंगी रंगाची जाड केबल दिसली, तर तिला हात लावू नका. तो जीवघेण्या दाबाचा प्रवाह आहे. ते काम शिकलेल्या माणसाचेच.

शिक्षकांना एक सुचवतो. मीटरभर लांबीची काठी घ्या. दोन मुलांना दोन स्प्रिंगचे काटे देऊन ती दोन्ही टोकांना धरायला लावा. आधी नुसत्या काठीचे वजन दोन्हीकडे टिपून ठेवा. मग एका टोकापासून 28 सेंटिमीटरवर एक किलोचे वजन टांगा. जवळच्या काट्यावर सुमारे 720 ग्रॅम वाढतील, लांबच्यावर 280. मग विचारा, घरी जुवाची बांधणी कोण सरकवते? ज्या मुलाचा हात वर होईल, त्याला हे यंत्र परके वाटणार नाही. फिटर होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांना पुढे पान्याबरोबर आकडेमोडही लागणार आहे. ती आपल्याला जमायची नाही, असे समजून कोणी मागे राहू नये. तिचे मूळ त्यांच्या गोठ्यातच आहे.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर आता नातू देऊ शकेल. "आबा, जू काढलं, पर कासरा ऱ्हायलाच. तो आता एक पेटी धरती. अन् ती बी तुमच्यावानीच बघती: कुणाचा दम किती, वाट कसली, अन् भार किती."