शाळेचा ठराव आधी गावात
(इलाख्यातील ग्रामसभांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज एकच गोष्ट बोलायची आहे. ज्या टोल्यांत शाळा नाही, तिथून नव्या प्राथमिक शाळेची मागणी होत आहे. कागद पंचायत समितीत जाईल, तिथून जिल्हा परिषदेत. साहेब लोक तपासणी करतील. ते त्यांचे काम. पण त्याआधी आपली तपासणी झाली पाहिजे. शाळा कुठे, कोणत्या जागेवर, कोणत्या भाषेत, हे आपण ग्रामसभेत बसून ठरवू आणि लिहून ठेवू.

पहिले, अंतर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याखालच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत सांगितली आहे. मात्र सहा ते अकरा वयाची वीस पोरं पाहिजेत. साहेब नकाशावर पट्टी ठेवतात आणि म्हणतात, बाजूच्या गावात शाळा आहेच. नकाशावर पूर दिसत नाही. पावसाळ्यात नाला भरला की सहा वर्षांचं लेकरू कसं जाईल? म्हणून ठरावात लिहा : मधे नाला कोणता, वाट किती दिवस बंद असते, पोरं किती आणि कोणत्या वयाची. एका टोल्यात वीस भरत नसतील तर दोन-तीन टोल्यांनी मिळून मधली जागा सुचवा. दहापेक्षा कमी पट म्हणून २०१७ साली शासनाने राज्यातल्या १३०० हून अधिक शाळा बंद करायचे ठरवले होते. पटाचा आकडा आपल्याजवळ पक्का पाहिजे.

दुसरे, जागा. "ही वनजमीन आहे, इथे शाळा होत नाही," असे कोणी सांगितले तर उठून येऊ नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचून दाखवा. त्यात तेरा गावसुविधा आहेत आणि पहिलीच शाळा आहे. अटी अशा : एका कामाला जागा एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही शिफारस आपल्या हातात आहे. सभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. बाया नसतील तर ठराव कच्चा राहतो. शिवाय मोहाची झाडं कुठे वाचवायची, पाणी कुठून आणायचं, हे त्याच नीट सांगतात.

तिसरे, भाषा. आपलं लेकरू घरी पाण्याला 'येर' म्हणते. शाळेत मास्तर 'पाणी' म्हणतो. लेकरू गप्प बसते आणि मास्तर समजतो, याला काही येत नाही. जिवतीच्या पहाडावर कोलामांच्या पोरांचंही हेच होते. घटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय सांगितली आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सुद्धा म्हणते, शक्यतो मातृभाषेत शिकवा.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने हे करून दाखवले. २०१९ मध्ये त्यांनी गोंडी शाळा सुरू केली, पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि बंद करायची नोटीस दिली. कलम १८ प्रमाणे मान्यता नसलेली शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे, पुढे रोज दहा हजार. मोहगाववाले दबले नाहीत, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. गावातल्या शिक्षणासारख्या संस्थांवर ग्रामसभेचे नियंत्रण, हे १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. तोच आपला आधार आहे.

काही आई-बाप विचारतात, गोंडी शिकून नोकरी लागेल काय? प्रश्न बरोबर आहे. मराठी आणि इंग्रजी पाहिजेच, ती सोडा असे कोणी म्हणत नाही. पण आधी लेकराला शाळेतलं बोलणं समजलं पाहिजे. आपल्या बोलीत वाचायला लागलं की दुसरी भाषा लवकर येते. म्हणून मागणी अशी करा : पहिली-दुसरीला गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणारा शिक्षक, आणि मराठी पहिलीपासून सोबत.

आता गावात गेल्यावर करायचे काम. ग्रामसभा बोलवा. अंतर, जागा, भाषा या तिन्हीवर ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या, तीन प्रती करा. एक पंचायत समितीत, एक जिल्हा परिषदेत, एक गावात. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. तपासणीला साहेब आले की त्यांना आधी ठराव वाचून दाखवा, मग जागा दाखवा.

मावा नाटे, मावा राज! जय सेवा!